पाटीवरचं पाऊल

१

गाडीचं दार उघडेना, तेव्हा माझ्या नवऱ्याला आधी किल्लीचाच संशय आला. चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने ती पुन्हा फिरवली. कुलूप ‘खट्’ म्हणालं, दार जागचं हललं नाही. मग आम्ही दोघांनी नीट पाहिलं. दाराचा पुढचा काठ शेजारच्या पत्र्यात घुसला होता, दातावर दात चढावा तसा. आणि दाराच्या पोटात, गुडघ्याच्या उंचीवर, खोलगट खड्डे.

त्याच्या मांडीवर एक डबी होती. डबीत एका आजोबांची नवी कोरी कवळी. आजोबा तिकडे जेवायचे थांबले होते.

“कुणीतरी ठोकलीय गं,” तो म्हणाला. एवढंच. आणि डबी उगाच पुसत राहिला.

माझा नवरा कवळ्या बनवतो. इमारतीतले निम्मे म्हातारे त्याने घडवलेल्या दातांनी हसतात आणि त्याच दातांनी भांडतात. त्याचे पाय मात्र त्याचं ऐकत नाहीत. एरवी निपचित पडून असतात, मधूनच एखादा झटका देतात. म्हणून त्याची गाडी हातांनी चालते. स्टिअरिंगजवळ एक दांडा आहे, पुढे रेटला की ब्रेक, मागे ओढला की वेग. पाय झटक्याने पेडलांवर पडू नयेत म्हणून खाली ॲल्युमिनियमची पाटी बसवलीय, पेडलं पुरती झाकणारी. दार सताड उघडायचं, खुर्चीवरून सीटवर सरकायचं, खुर्ची मिटून आत ओढून घ्यायची आणि निघायचं. कुणाला हाक नाही, कुणाचा हात नाही. लोक म्हणत, त्याला पाय नाहीत. मला वाटे, आहेत की. खाली उभे असतात, पांढऱ्या रंगाचे, चार चाकांचे.

ते पाय कुणीतरी मोडून ठेवले होते.

बघता बघता माणसं जमली. सगळ्यांनी ‘च्च च्च’ केलं. मग हळूच प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या बंपरकडे गेली. मला माझी आई आठवली. कुणाचं काही बिनसलं की ती हातातलं काम न थांबवता दोन ओळी जुळवायची:

लोखंड वाकतं बाई, कर्र करून दाखवतं,
माणूस वाकतं बाई, वर हसून झाकतं.

संध्याकाळी आमच्या इमारतीचे अध्यक्षसाहेब घरी आले. गोरेपान, इस्त्रीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारे. आज दुसरा हात रुमालासकट तोंडावर होता.

“तुम्ही काळजीच करू नका,” ते रुमालातून म्हणाले. “रविवारी सभा घेतो. सगळ्यांकडून मदत गोळा करू. पहिली रक्कम माझी. आपल्या माणसासाठी आपण नाही करायचं तर कुणी?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडले असते.

“फक्त एक,” ते उठता उठता म्हणाले. “यापुढे गाडी बाहेर रस्त्यावर लावा. इथे गर्दी फार, पुन्हा कुणी धक्का दिला तर? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. सभेत तेवढी सही करून टाका.”

दार लावून मी वळले. नवरा कामाच्या टेबलाशी बसला होता, पण हात चालत नव्हते.

“रस्त्यावर?” तो म्हणाला. “चालायच्या फाटकाला पाच पायऱ्या आहेत, आणि गाड्यांच्या फाटकातला चढ माझ्या खुर्चीला झेपत नाही.”

२

मी मावशींना बोलावलं. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. उभा जन्म विमा कंपनीत काढला, ठोकलेल्या गाड्या बघण्यात. गाडी कुणी, कुठून, किती वेगाने ठोकली आणि मालक त्यात किती खोटं बोलतोय, हे सांगायचं त्यांचं काम. त्यामुळे लोखंडावर त्यांचा फार जीव आणि माणसांचा मनस्वी तिटकारा. ‘शी’ हा त्यांचा आवडता शब्द. धुळीला बारकी शी, खोट्याला लांब शी, आणि अगदीच किळस आली की नुसतं नाक मुरडून गप्प.

“विमा पैसे देईल गं,” आल्या आल्या त्या म्हणाल्या, “पण नाव नाही देणार. नाव न कळता सभा झाली तर जागा जाते, हे कळतंय ना?”

“म्हणून तर बोलावलं.”

“आणि मदत म्हणे! शी. ज्याने मोडलं त्याने भरून द्यायचं, त्याला भरपाई म्हणतात. गावाने नाणी टाकायची, त्याला काय म्हणतात ते माझ्या तोंडून नको.”

टेबलावर त्या सकाळी दुरुस्तीला आलेली कामं मांडलेली होती. त्यांत अध्यक्षसाहेबांचीही कवळी होती, वरची. ते स्वतःच सकाळी देऊन गेले होते, हसत, रुमालाआडून: “दातांनी अक्रोड फोडायला गेलो, भोगा आता!” समोरचा एक दात मुळापासून निखळला होता. दात कुठाय, असं विचारलं तर म्हणाले, चूळ भरताना बेसिनमधून गेला वाहून. नवऱ्याने पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. एवढी मदत करणारा माणूस!

आम्ही खाली गेलो.

आमच्या इमारतीखाली जागा कमी आणि गाड्या फार, म्हणून एक रीत पडून गेलीय. भिंतीकडच्या आतल्या रांगेसमोर बाहेरची रांग लागते. बाहेरच्यांनी गिअर काढून ठेवायचा, हँडब्रेक लावायचा नाही, मागच्या चाकामागे वीट ठेवायची आणि जादा किल्ली गेटवरच्या केबिनमधल्या खिळ्याला अडकवायची. आतल्याला निघायचं झालं की गेटवाले काका वीट काढतात, बॉनेटला हात लावून गाडी चार पावलं मागे ढकलतात, पुन्हा वीट ठेवतात. आमची गाडी बाहेरच्या रांगेत कडेला, कारण तिथेच तिचं दार पूर्ण उघडतं. मागे थोडा उतार, आणि उताराच्या कडेला पिवळा-काळा खांब. दार मोडलेलं दिसलं तेव्हा गाडी त्याच खांबाशी होती, म्हणजे नेहमीच्या जागेपासून मागे सरकलेली. पण त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे गाड्या दिवसभर अशाच मागेपुढे होत असतात.

मावशींनी सगळ्या गाड्यांचे बंपर पाहिले, बोट फिरवून, वाकून, कुरकुरत. एकाही बंपरवर आमच्या गाडीचा पांढरा रंग नव्हता.

“मग बाहेरची गाडी आली असेल,” मी म्हटलं.

“येऊन ठोकून वर फाटक लावून गेली? काका, तुम्ही कुठे होतात?”

गेटवाले काका चपलेचा अंगठा जमिनीवर घासत उभे होते. “मला वर पाठवलं होतं, गच्चीवर. टाकी वाहतेय म्हणून.”

“वाहत होती?”

“नव्हती. कोरडी ठणठणीत.”

“कुणी पाठवलं?”

काका गप्प झाले. पगार देणाऱ्याचं नाव घ्यायच्या आधी माणूस जसा गप्प होतो, तसे. मग दुसरंच म्हणाले, “ताई, रागावू नका, पण तुमच्या साहेबांनी हँडब्रेक लावायला नको होता. नंतर मला गाडी पुढे घ्यायची होती, तर हलेना. आणि वीटही उलटी, चाकाच्या पुढे ठेवलेली. उतार मागे आणि वीट पुढे, असं कुणी ठेवतं का?”

माझा नवरा खुर्चीतून म्हणाला, “मी या जागेवर हँडब्रेक आयुष्यात लावलेला नाही, काका.”

मावशींनी नाक मुरडलं आणि गप्प बसल्या.

३

इमारतीने चोर ठरवून टाकला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एलबाई. त्या गाडी शिकवतात. त्यांच्या गाडीवर लाल ‘एल’ची पाटी, आणि अंगावर खड्डे, पोचे, ओरखडे, जशी शिकणाऱ्यांची हजेरीच. जिन्यात, पाण्याच्या मोटरीपाशी, जो तो डोळ्यांनी वर खूण करायचा: तिचंच काम.

एलबाईंनी दार उघडलं ते कमरेवर हात ठेवूनच.

“या! फासावरच चढवा मला.”

“चढवेन, पण आधी आत येऊ द्या,” मावशी म्हणाल्या. “आमच्या पोराला हातांनी गाडी चालवायला कुणी शिकवलं?”

“मी. दुसरं कोण शिकवणार होतं? बाकीच्यांनी तर त्याला बघूनच शिकवणीची जागा भरली म्हणून सांगितलं होतं.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “पहिल्या दिवशी फाटकातून बाहेर काढली ना त्याने, तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसून रडले होते. आणि माझ्यावर संशय? त्या गाडीवर?”

“मला नाही संशय. मला उत्तर हवंय. समजा ती गाडी उतारावर निसटली. तुम्ही आत आहात. काय कराल?”

“दांडा पुढे रेटेन. अजून काय?”

“पाय?”

“पाय कशाला? खाली पाटी आहे.”

“शाबास,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकत होते. मग मला म्हणाल्या, “चल. आता गाडीच्या आत जाऊ. सगळे बाहेरून बघत बसलेत.”

जाताना दुसऱ्या मजल्यावर वकिलीणबाई भेटल्या. त्यांच्या गॅलरीखालीच आमची जागा. आतल्या रांगेत आमच्या गाडीमुळे अडणाऱ्या गाड्या दोनच, एक वकिलीणबाईंची आणि एक अध्यक्षसाहेबांची.

“काल दुपारी तुम्ही घरी होतात?” मावशींनी विचारलं.

“होते. पण मी झोपले होते बाई. गोळी घेतली होती.” हे सांगताना त्यांनी कधी नव्हे ते गॅलरीचा पडदा ओढून घेतला. “आणि माझी गाडी बघितलीत ना? आच्छादनाखाली आहे. त्यावर एवढी धूळ, की बोटाने नाव लिहावं.”

“बघितली. तीन महिने हललेली नाही. तुमच्या जिभेसारखी.”

वकिलीणबाईंनी दार लावलं. जोरात नाही. हळूच. मला ते हळूच लावलेलं दारच जास्त लागलं.

खाली मावशींनी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि सीटवर गुडघे टेकून अर्ध्या आत घुसल्या. आधी त्यांनी मोडलेल्या दाराची आतली कड पाहिली. जिथे दार मिटतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही, त्या कडेला पिवळ्या रंगाचा जाडसर पट्टा खरवडून चिकटला होता. खांबाचा पिवळा.

“सूनबाई, मिटलेल्या तोंडाच्या आतल्या बाजूला बाहेरून थोबाडीत मारता येते का गं?”

“नाही.”

“मग?”

मी त्या पट्ट्याकडे बघत राहिले. “दार उघडं होतं.”

“उघडं होतं. गाडी मागे गेली, उघड्या दाराची आतली बाजू खांबाला अडली, आणि दार उलटं पुढे मुडपलं. आपण ठोकणारा शोधत बसलो. ठोकलेलीच नाही कुणी. ढकललीय.” मग त्यांनी खाली बोट दाखवलं. “आणि हे बघ.”

ॲल्युमिनियमची पाटी. मी दर आठवड्याला पुसते ती. तिच्यावर कधी पाऊल पडत नाही. माझ्या नवऱ्याचे पाय तिच्या अलीकडे, झोपलेल्या लेकरांसारखे ठेवलेले असतात. त्या पाटीवर बुटाच्या टाचेचा काळा, घसरलेला ठसा होता. ज्याने तो उठवला त्याने जीव तोडून दाबलं होतं.

घरात कुणी चपलांसकट देवापर्यंत जावं, तसं वाटलं.

मावशींचा हात तेवढ्यात सीट आणि दाराच्या उंबऱ्याच्या मधल्या खाचेत गेला होता. त्यांनी काहीतरी चिमटीत धरून वर काढलं आणि तळहातावर ठेवलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, गुळगुळीत.

“तुझ्या नवऱ्याचं सामान गाडीत सांडतं का गं?”

दात होता.

४

नवऱ्याने तो दात दिव्याखाली धरला, भिंग लावलं, आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला.

“तुझाच आहे ना?” मावशींनी विचारलं.

“माझाच. मी प्रत्येक पुढच्या दाताला टोकाशी जरा पारदर्शी रंग देतो. नाहीतर दात चुन्याच्या भिंतीसारखे दिसतात.” त्याने भिंग खाली ठेवलं. “पण हा माझ्या डबीतून सांडलेला नाही. माझ्याकडचे दात कोरे असतात. याच्यावर चहा चढलाय. हा कुणाच्या तरी तोंडात राहून आलाय.”

तिघांनीही एकाच वेळी टेबलाकडे पाहिलं.

तिथे अध्यक्षसाहेबांची कवळी होती. समोरच्या रिकाम्या खळगीसकट. नवऱ्याने दात उचलून त्या खळगीत ठेवला. किल्ली कुलपात जावी तसा बसला.

मी खुर्ची ओढून बसले. मला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. नुसती किळस येत होती, शिळ्या पाण्यात हात घातल्यासारखी. सकाळी तोच माणूस या टेबलाशी उभा राहून हसला होता. माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, तुमच्या हातात जादू आहे.

“असं झालं,” मावशी म्हणाल्या. “साहेबांना निघायची घाई, वाटेत तुमची गाडी. काकांना गच्चीवर त्यांनीच पाठवलं. कोरडी टाकी बघायला उगाच कुणी पाठवत नाही. किल्ली खिळ्यावरून घेतली, दार उघडलं. चालवून काढावी म्हटलं, तर पेडलांवर पाटी. काय करायचं कळेना. मग वीट काढली आणि उघड्या दारात उभं राहून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, गाडी मागे रेटली. तिला उतार मिळाला. ती निसटली. मग हा शहाणा आत उडी टाकून ब्रेक मारायला गेला.”

“पाटीवर,” मी म्हटलं.

“पाटीवर. पाय घसरला, दार खांबाला अडलं, गाडी दचकून थांबली आणि हनुवटी स्टिअरिंगवर. एक दात गाडीत, बाकीचे तोंडात. मग त्याने गाडी वीतभर पुढे घेतली, हँडब्रेक ओढला, वीट सुचेल तिथे ठेवली. उतार कुठे आणि वीट कुठे, हे काकांना ठाऊक, एलबाईंना ठाऊक. ज्याने जन्मात कधी स्वतः वीट लावली नाही, त्यालाच ठाऊक नाही. आता उरलं दार. मुडपलेलं दार मिटेना.” त्या थांबल्या. “तुम्ही सगळे ज्याला धडक म्हणताय ना, ते खड्डे धडकेचे नाहीत. गुडघ्याच्या उंचीवर, बुटाच्या टाचेएवढे. लाथा आहेत त्या. लाथा घालून मिटवलंय दार.”

पॉलिशचं यंत्र घरघरत होतं. नवऱ्याने ते बंद केलं.

“तो म्हणेल, दात दुरुस्तीला देताना इथेच सुटला आणि आम्हीच गाडीत टाकला,” मी म्हटलं.

“म्हणेल. खोटं बोलणाऱ्याला अक्कल लागते आणि ती त्याला आहे. म्हणून तो दात कुठे गेला, हे त्यानेच सगळ्यांसमोर एकदा सांगायला हवं.”

नवऱ्याने कवळी आणि दात वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. मग मोबाईल उचलला. अध्यक्षांना म्हणाला, अगदी गोड आवाजात, “साहेब, काम होत आलंय. रविवारी सभेतच हातात देतो. तोपर्यंत जरा नरम खा.”

५

सभा तळमजल्यावरच्या खोलीत भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला ओल, मधे टेबल. टेबलावर काचेची मोठी बरणी, ‘मदत’ असं कागदावर लिहून चिकटवलेली. येणारा प्रत्येक जण बरणीत काहीतरी टाकत होता आणि टाकताना माझ्याकडे बघत होता, मी बघतेय ना हे बघायला.

अध्यक्षसाहेब रुमालामागून बोलले. बंधुभाव, माणुसकी, एक कुटुंब. शेवटी सहीचा कागद पुढे सरकवला. “आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून आपले बंधू स्वखुशीने गाडी बाहेर लावणार आहेत. टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. माझ्या अंगावर पाली पडल्यासारख्या.

नवऱ्याने खुर्ची पुढे घेतली. मांडीवर दोन डब्या, एक बाटली, एक बारीक ब्रश. “सही करतो. त्याआधी तुमचं काम पुरं करतो, साहेब. दुसऱ्या कुणाचा दात तुम्हाला बसायला नको, म्हणून एकदा खात्री करतो. तुमचा तो दात कसा गेला होता?”

“अहो सांगितलं ना, अक्रोड!”

“आणि पडला कुठे?”

“बेसिनमध्ये. चूळ भरली आणि गेला गटारात. आमच्या हिने सुद्धा पाहिला जाताना.”

“म्हणजे मिळण्यातला नाही.”

“कसा मिळेल? आतापर्यंत समुद्राला लागला असेल!” लोक हसले.

नवऱ्याने दुसरी डबी उघडली. दात चिमट्यात धरला, कवळीच्या खळगीत ठेवला आणि कवळी फिरवून सगळ्यांना दाखवली. एकही फट नव्हती.

“समुद्रातून परत आला,” तो म्हणाला. “माझ्या गाडीत, सीटच्या कडेच्या खाचेत. ज्या दिवसापासून माझं दार मोडलंय, त्या दिवसापासून मी गाडीत बसलेलो नाही. तुमची कवळी माझ्याकडे आली ती दुसऱ्या दिवशी. मग साहेब, तुमचा दात तिथे माझ्याआधी कसा जाऊन बसला?”

अध्यक्षांचा रुमाल खाली आला. हनुवटीवर, जिथे इतके दिवस कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, निळापिवळा वळ होता. स्टिअरिंगच्या गोलाईचा.

मावशींनी मग सगळं सांगितलं. पिवळा पट्टा, पाटीवरची टाच, उलटी वीट, कोरडी टाकी. प्रत्येक गोष्ट एका वाक्यात, जसं बाजारात ढीग मोजून द्यावा. गेटवाले काका दारातून म्हणाले, “हो, यांनीच पाठवलं होतं वर,” आणि भिंतीला टेकून उभे राहिले, पाय हलके झाल्यासारखे.

आणि मग खोली उलटली. ज्यांनी आत्ता टाळ्या वाजवल्या होत्या तेच ओरडायला लागले. हलकट, नालायक, मला आधीच माहीत होतं. त्यात वकिलीणबाईंचा आवाज सगळ्यांत वर: “मी तर पाहिलंच होतं हो! गॅलरीतून! लाथा घालत होते!”

“गोळी घेतली होतीत ना?” मी विचारलं.

त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्यांचे दातसुद्धा माझ्याच नवऱ्याने केलेले. मला वाटलं, या सगळ्या तोंडांमधून एकदम काढून घ्यावेत त्याने ते दात, आणि बघावं, मग यांच्याकडे स्वतःचं असं काय उरतं.

मावशींनी त्यांच्याकडे, मग सगळ्यांकडे पाहिलं. ‘शी’ म्हणाल्या नाहीत. नुसतं नाक मुरडलं.

“देतो,” अध्यक्ष बोबडं पुटपुटले. “जे काय होईल ते देतो. दार नवीन, सगळं नवीन. आत्ता देतो. मिटवून टाकू. चूक झाली.”

“पैसे द्यालच,” मावशी म्हणाल्या. “पण चूक ढकलण्यापुरती होती. लाथा चूक नव्हत्या. ही बरणी चूक नव्हती. जागा हिसकायचा हा कागद तर मुळीच नव्हता. काय काय केलंत, ते सगळं मोठ्याने सांगा. याला ऐकायचंय.”

अध्यक्षांनी तोंड उघडलं. पुढचे दात नसलेल्या तोंडातून हवा आली, थुंकी आली, शब्द नीट आले नाहीत. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“थांबा,” माझा नवरा म्हणाला.

त्याने बाटली उघडली. उग्र वास पसरला, त्याच्या टेबलाचा ओळखीचा वास. ब्रशने खळगीत एक थेंब सोडला, दात बसवला, अंगठ्याने दाबून धरला. तो कुणाची घाई ऐकणाऱ्यांतला नव्हता. कड तपासली, कापडाने पुसली, उजेडात धरून पुन्हा तपासली. ज्याने त्याच्या दाराला लाथा घातल्या त्याच्या दातावर तो तेवढ्याच मायेने काम करत होता, जेवढ्या मायेने उपाशी आजोबांच्या दातावर केलं होतं. ते बघून माझ्या घशातली इतक्या दिवसांची किळस एकदम पातळ झाली.

त्याने कवळी पुढे धरली.

“लावा,” तो म्हणाला. “तुमच्यावर कुणी हसायला नको. आणि मला एक एक शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा.”

अध्यक्षांनी कवळी लावली. दात नीट बसले. आणि त्या दातांनी, सगळ्यांसमोर, त्यांनी सांगितलं. दार मी मोडलं. लाथा मी घातल्या. मदतीचं सोंग मी काढलं, जागा मिळावी म्हणून.

शब्द अगदी स्वच्छ होते.

नवऱ्याने सहीचा कागद उचलला, त्याची घडी घालून ब्रश त्याला पुसला.

“बरणीतले पैसे ज्याचे त्याला परत कर,” तो मला म्हणाला. “दाराचं बिल साहेबांकडे.”

६

दार आलं. पांढरंच, पण पांढऱ्याची छटा जराशी वेगळी. दोन दातांची छटा जुळली नाही की झोप न लागणारा माझा नवरा त्याला मात्र हसला. “असू दे. दुरुस्ती दिसायला हवी.”

मावशी निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून आमच्या गाडीपाशी उभ्या होत्या. मी पाटी पुसत होते. पुरावा म्हणून इतके दिवस तो टाचेचा ठसा तसाच ठेवला होता. पॉलिशची पूड लावली, घासलं. काळं गेलं. एक बारीक ओरखडा तेवढा राहिला.

“जाणार नाही तो,” मावशी वाकून म्हणाल्या.

“राहू दे,” नवरा म्हणाला. त्याने दार सताड उघडलं, खुर्चीवरून सीटवर सरकला, पाय उचलून एक एक करून आत ठेवले. मांडीवर डबी ठेवली.

मावशी सवयीने ‘शी’ म्हणणार होत्या. ओठ तसे झालेही. मग त्यांनी नव्या दारावर एकदा हात फिरवला आणि ते त्याच्या अंगावर हळूच लावून दिलं.